फक्त आर्ट बाकी आहे

सांगली

इंडी गेम बनवणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींना,



गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला: ‘ताई, तुमचं काम पाहिलं, भारी आहे. आमचा गेम ऑलमोस्ट रेडी आहे. फक्त आर्ट बाकी आहे. इंटरेस्टेड असाल तर सांगा.’

हा ‘फक्त’ मी गेली नऊ वर्षं ऐकतेय. घर बांधून झालंय, फक्त भिंती बाकी आहेत, असं सांगणारा गवंडी मला अजून भेटलेला नाही. गेमवाले मात्र महिन्याला दोन तरी भेटतात. मी त्या मुलाला तीन प्रश्न पाठवले. कॅमेरा बाजूने आहे की वरून? कॅरेक्टर किती? बजेट काय? पहिल्याचं उत्तर आलं, ‘हॉलो नाइट टाइप.’ दुसऱ्याचं आलं, ‘जास्त नाहीत.’ तिसऱ्याला शब्द नव्हते, हात जोडलेला इमोजी होता.

त्याला चार ओळी खरडून झोपणार होते. मग लक्षात आलं की याच चार ओळी मी आजवर कितीतरी जणांना लिहिल्यात. तेव्हा एकदा सगळ्यांनाच नीट लिहावं म्हणून हा पत्रप्रपंच. रागावून लिहिते आहे हे खरं, पण परक्यांवर नाही. वर्षातले सहा-सात महिने माझी चूल तुमच्यासारख्यांच्या गेमवर पेटते. उरलेले महिने दिवाळी अंकांची रेखाटनं आणि मुलांची पुस्तकं.

तुमची ओढाताण मला कळते. नोकरी सांभाळून रात्री कोड लिहायचा, घरच्यांना ‘गेम खेळत नाहीये, बनवतोय’ हे दर रविवारी समजावायचं, आणि तयार झालेली वस्तू अशा बाजारात नेऊन ठेवायची जिथे रोज डझनावारी नवे गेम येऊन पडतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’साठी 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला, आणि तरीही 2020 मध्ये तो गेम जगभर विकायला आला. त्यातले राजस्थानी वळणाचे वाडे आणि भिंतींवरची चित्रं बघून मी दोन रात्री नुसती फिरत होते, राक्षस मारायचे सोडून. पण तो गेम दिसायला तसा का झाला, याचं एक साधं कारण आहे. त्या स्टुडिओच्या संस्थापकांमध्येच चित्रकार आहे. तिथे ‘फक्त आर्ट बाकी आहे’ असं कुणी म्हणूच शकत नव्हतं.

‘हॉलो नाइट’चीही तीच गोष्ट. अॅडलेडच्या टीम चेरीत दोघं-तिघंच माणसं, आणि त्यातला एक, अॅरी गिब्सन, ती सगळी शाईदार किडेमुंग्यांची दुनिया हाताने काढणारा. पहिल्या दिवसापासून तो खोलीत होता. म्हणून ‘हॉलो नाइट टाइप’ असा कापडाचा तागा दुकानात मिळत नाही. ‘कपहेड टाइप’ तर आणखी महाग. तो गेम बनवणाऱ्यांनी पात्रांच्या हालचाली कागदावर पेन्सिलीने काढल्या, मागची दृश्यं जलरंगात रंगवली. तुम्ही सहज नाव घेता तेव्हा समोरच्याच्या पोटात काय होतं ते सांगते: तो मनातल्या मनात वर्षं मोजायला लागतो. आणि ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्या एरिक बॅरोनने केला, हे तर मला कृपा करून सांगू नका. एकट्याने केला, बरोबर. सुमारे साडेचार वर्षं लागली, आणि चित्रं त्याने स्वतःच शिकत शिकत पुन्हा पुन्हा काढली. ते उदाहरण तुमच्या स्वतःच्या जिद्दीसाठी आहे, माझा दर पाडण्यासाठी नाही.

आता ‘एकच तर कॅरेक्टर आहे’ या वाक्याकडे येते.

दोन वर्षांपूर्वी एका टीमबरोबर काम ठरलं. वरून तिरकं दिसणारा गेम, हातात तलवार घेतलेली एक मुलगी, जंगल. एकच कॅरेक्टर. मी एकाच कॅरेक्टरचा दर सांगितला, चूक माझीच. मग कामाला बसले आणि हिशेब उलगडत गेला. ती नुसती उभी राहणार, म्हणजे श्वास घेणार. चालणार, धावणार, वार करणार, मार खाणार, मरणार. सहा क्रिया झाल्या. प्रत्येक क्रियेला सरासरी आठ चित्रं धरा. वरून दिसणारा गेम म्हणजे ती आठ दिशांना तोंड करणार. सहा गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे 384 चित्रं. टीममधला प्रोग्रामर म्हणाला, ‘ताई, पाचच दिशा काढा, उरलेल्या तीन मी आरशासारख्या उलटवतो.’ हुशार मुलगा. 384 वरून 240 वर आलो. उलटवून बघितलं तर पूर्वेला जाताना उजव्या हातात असलेली तलवार पश्चिमेला वळल्यावर डाव्या हातात. वेणीही खांद्यावरून खांद्यावर उडी मारत होती. शेवटी वेणीचा अंबाडा केला आणि तलवार दोन्ही हातांनी धरायला लावली. ती मुलगी दोन्ही हातांनी तलवार का धरते, याचं कौतुक पुढे कुणीतरी लिहिलं होतं, ‘स्त्रीशक्तीचं प्रतीक’ वगैरे. ते प्रतीक 144 चित्रं वाचवण्यासाठी होतं.

हा हिशेब करायला मला एक दिवस लागला. तुम्हाला तो माझ्याकडे येण्याआधी अर्ध्या तासात करता आला असता, कारण क्रिया किती आणि दिशा किती हे तुमच्या कोडमध्ये आधीच लिहिलेलं असतं. तुम्ही ते आम्हाला सांगत नाही, एवढंच. माझी पहिली तक्रार आणि पहिली विनंती हीच. उरलेली बहुतेक भांडणं त्यातूनच निघतात.

माझे वडील सांगलीत दुकानांचे बोर्ड रंगवायचे. भाव स्क्वेअर फुटावर, अक्षराला सावली हवी असेल तर वेगळा. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, ‘पेंटर, नाव झक्कास लिहा, बाकी तुमच्यावर सोपवलं.’ वडील काही न बोलता वही आणि पेन्सिल पुढे सरकवायचे. ‘मजकूर लिहा. खाली सही करा.’ एका भुसार दुकानदाराला याचा फार राग आला होता. मला शिकवतोस का म्हणाला, पण लिहून दिलं. बोर्ड चढला, आणि मालक भांडायला हजर, ‘भुसार’चं ‘भूसार’ कसं झालं म्हणून. वडिलांनी वही काढली. दीर्घ ऊ मालकाचाच होता. बोर्ड पुन्हा रंगवला, पण पैसे दोन्ही वेळचे मिळाले.

तुमच्या पोस्टमध्ये असतं: ‘टू-डी आर्टिस्ट पाहिजे. पॅशनेट असावा. डीएम करा.’ यात मजकूर कुठे आहे? पॅशनचा आकार किती पिक्सेलचा असतो? मला हवंय ते अगदी कंटाळवाणं आहे. गेम बाजूने दिसतो की वरून. टाइल 16 ची की 32 ची. इंजिन युनिटी वापरताय की गोडो. पडद्यावर कॅरेक्टर साधारण केवढं दिसणार. चित्रं इंजिनमध्ये कोण बसवणार, तुम्ही की मी. मागची दृश्यं किती थरांची. बटणं, लाइफबार, मेनू हे काम माझ्यात धरलंय की नाही (ते कुणीच धरत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात ते नेमकं माझ्याच ताटात पडतं). किती वेळा बदल करून मागणार. कधीपर्यंत. किती पैसे. एका पानात मावतं हे. आणि यातलं एखादं तुम्हाला ठाऊक नसेल तर ‘ठरलेलं नाही, तुमचं मत हवं’ असं लिहा. ते वाचून आमच्यातला चांगला माणूस पळून जाणार नाही, उलट खुर्ची ओढून बसेल.

दिवाळी अंकाचे संपादक काही फार श्रीमंत लोक नाहीत. पण त्यांच्या पहिल्या मेलमध्ये कथा पूर्ण जोडलेली असते, रेखाटन अर्ध्या पानाचं की पूर्ण, रंगीत की काळं-पांढरं, तारीख आणि मानधनाचा आकडा असतो. आकडा वाचून हसू येतं, पैसे कधीकधी पुढच्या दिवाळीला येतात, तो भाग वेगळा. पण कथा वाचल्याशिवाय चित्र काढा असं मला एकाही संपादकाने आजवर सांगितलेलं नाही. तुमच्यातले निम्मे लोक मला गेम खेळायला देत नाहीत. ‘अजून सगळे ठोकळेच आहेत, दाखवायसारखं काही नाही.’ अहो, ठोकळेच दाखवा! करड्या रंगाचा चौकोन करड्या जिन्यावर उड्या मारतोय, यात लाज कसली? तो किती उंच उडतो, पडताना किती जड वाटतो, हे मला कुठल्याही मूडबोर्डपेक्षा जास्त सांगतं.

‘ब्रेड’ची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. जोनाथन ब्लो या प्रोग्रामरचा हा गेम. 2006 च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला डिझाइनचं बक्षीस मिळालं तेव्हा त्यातली चित्रं अगदी कामचलाऊ होती. डेव्हिड हेलमन हा वेबकॉमिक काढणारा चित्रकार नंतर आला, आणि 2008 मध्ये लोकांनी पाहिलं ते चित्रासारखं आकाश त्याचं. म्हणजे तिथेही खरं तर ‘फक्त आर्ट बाकी’च होतं. पण फरक बघा. हेलमनच्या हातात खेळता येणारा गेम होता, प्रत्येक कोडं जागच्या जागी बसलेलं होतं, त्यामुळे त्याने रंगवलेलं झुडूप पुढच्या आठवड्यात लेव्हलबरोबर कचऱ्यात जाणार नव्हतं. आणि ब्लोने या गेमवर स्वतःचे सुमारे 2 लाख डॉलर घातले. त्यातला मोठा हिस्सा चित्रकाराचे पैसे आणि स्वतःचा घरखर्च यांत गेला.

उलट टोकाचं उदाहरण डेन्मार्कचं. ‘लिंबो’ची कल्पना आर्न्ट येन्सन या चित्रकाराची. त्याला प्रोग्रामर मिळत नव्हता. त्याने ‘प्रोग्रामर पाहिजे, पॅशनेट असावा’ असं लिहून सोडून दिलं नाही. 2006 मध्ये आपल्या काळ्या-करड्या जगाची एक छोटी फिल्म बनवून लोकांसमोर ठेवली. ती पाहून माणसं आली, त्यातून डिनो पॅटी भेटला, कोपनहेगनची प्लेडेड कंपनी उभी राहिली आणि 2010 मध्ये गेम आला. दोन्हीकडे आधी कुणीतरी आपली बाजू टेबलावर मांडली होती. रिकाम्या टेबलावर बसायला बोलावता तेव्हा चहासुद्धा सांगितलेला नसतो, हे लक्षात ठेवा.

आता पैशांविषयी. हा विषय निघाला की तुमचा आवाज बारीक होतो आणि ‘रेव्हेन्यू शेअर’ हा शब्द येतो.

मी त्याच्या विरुद्ध नाही. पण हिशेब माझ्यासमोर करा. समजा, गेम 400 रुपयांना ठेवला आणि 1,000 प्रती गेल्या. पहिल्याच गेमच्या हजार प्रती जाणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, पण धरू. झाले 4 लाख. स्टीम या ऑनलाइन दुकानाने 30 टक्के ठेवले, उरले 2 लाख 80 हजार. त्यातून कर, परत केलेल्या प्रती आणि सेलमधली सूट जायची, ते तूर्त सोडून देऊ. मला 10 टक्के म्हणजे 28 हजार. आठ महिन्यांच्या कामाचे. महिन्याला साडेतीन हजार, तेही काम संपल्यावर वर्षभराने, तेही सगळं सुरळीत झालं तर. माझ्या गल्लीतला इस्त्रीवाला यापेक्षा बरं कमावतो, आणि त्याला कुणी एक्स्पोजर देऊ करत नाही. वाटा देणार असाल तर जरूर द्या, पण तो मेहनतान्यावर, मेहनतान्याऐवजी नको. आणि वाटा कशातून, स्टीमने कापल्यानंतरच्या की तुमचा खर्च वजा केल्यानंतरच्या रकमेतून, ते शब्दांत लिहा. ‘नेट’ या शब्दात सगळा समुद्र मावतो.

पैसे कमी आहेत? मग पैसे कमी आहेत असं सांगा. 30 हजार असतील तर 30 हजार. कॅरेक्टर आठ दिशांचं होतं ते दोन दिशांचं करू, मागचे थर पाचावरून तीनवर आणू, रंग चारच वापरू. तंगीतून चांगली शैली निघते, हे आम्हा छपाईवाल्यांना तुमच्या आधीपासून माहीत आहे. दोन रंगांतली मुखपृष्ठं काही गरिबीचा पुरावा म्हणून कुणी जपून ठेवत नाही. माझा दर कमी करायला सांगू नका, माझं काम कमी करा. त्या गोष्टीला मी रात्री साडेअकरालाही तयार आहे.

फुकट ‘टेस्ट’चं तेवढं बंद करा. पाच चित्रकारांकडून एकेक झाड फुकट काढून घ्यायचं, मग ‘आमची दिशा बदलली’ म्हणून पाचही जणांना नमस्कार. मी अशा टेस्टसाठी एक चिंचेचं झाड काढलं होतं, बुंध्यातल्या ढोलीसकट. वर्षभराने एका डेमोत ते मला दिसलं. ढोलीत घुबड बसवलं होतं. घुबड बरं नव्हतं. टेस्ट हवी तर छोटी द्या आणि तिचे पैसे द्या, चारआठशे का होईना. पैसे दिलेत की तुम्हीही मोजकंच मागता.

हक्कांचं कलम लिहिताना तुम्ही बहुतेक कुठल्यातरी परदेशी कराराचा मसुदा उचलता, किंवा काहीच लिहीत नाही. मी वकील नाही, पण बापाची वही माझ्या रक्तात आहे, म्हणून आपला 1957 चा कॉपीराइट कायदा वाचून काढला. त्यातलं कलम 19 तुम्ही वाचाच, माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवेत. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर 5 वर्षंच धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतेच. आणि हक्क घेतल्यापासून 1 वर्षाच्या आत वापरले नाहीत, तर, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर, ते गळून पडतात. आता तुमचा गेम बघा. तो तीन वर्षांनी येणार, जर्मनीत आणि ब्राझीलमध्ये विकला जाणार, आणि हातात काय, तर व्हॉट्सअॅपवरचं ‘ओके ताई, डन’. उद्या एखाद्या पब्लिशरने कागद मागितले तर धावपळ तुमची होणार. एक पान नीट लिहा, त्यात तुमचं भलं माझ्यापेक्षा जास्त आहे.

त्याच कायद्याचं कलम 57 सांगतं की हक्क विकले तरी ‘हे माझं काम’ म्हणायचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. तेव्हा क्रेडिट्समध्ये नाव घालणं हा उपकार नव्हे. नाव विचारून घाला. माझं आडनाव तीन गेममध्ये तीन प्रकारे छापलेलं आहे. आणि गुप्ततेच्या करारात एवढी एक ओळ घाला: गेम बंद पडला तर अमुक महिन्यांनी चित्रकाराला त्याचं काम दाखवता येईल. तुमचे गेम बंद पडतात, त्यात तुमची लाज नाही. पण माझी सलग आठ महिन्यांची चित्रं अशा एका मेलेल्या गेमच्या पोटात अडकलेली आहेत, आणि नवं गिऱ्हाईक विचारतं, ‘त्या वर्षी तुम्ही काय करत होता?’

एआयबद्दल थोडक्यात. संदर्भ म्हणून मशीनचं चित्र पाठवलंत तर माझी हरकत नाही, पण ते मशीनचं आहे हे सांगा. ‘हे फक्त क्लीन करून द्या’ असं काम मी घेत नाही. त्या चित्रातला चिलखताचा पट्टा खांद्यावरून निघतो आणि कुठेच पोहोचत नाही. बकल समोरून एक, बाजूने दुसरं. ते चालवायला लागलं की 240 वेळा नव्याने ठरवावं लागतं. तसंही गेममध्ये एआय वापरलंय की नाही हे जाहीर करायला 2024 पासून स्टीम सांगतंच आहे. तिथे सांगणार, तर आम्हाला आधी सांगायला काय जातं?

आणि एक गोष्ट जाता जाता. ‘वारली स्टाइल’चा गेम करायचाय म्हणून मला फोन येतात. मला का? मी सांगलीची. पालघर जिल्ह्यात ते काढणारी माणसं आहेत, जिवंत आहेत, फोन वापरतात. तीच गोष्ट कुडाळजवळच्या पिंगुळीची. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून गोष्ट गाऊन सांगायची. 2021 मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. चित्र पुढे सरकतं तशी गोष्ट पुढे सरकते, हे त्यांना तुमच्याआधी काही पिढ्या कळलेलं आहे. त्यांच्याकडे जा, त्यांना पैसे द्या, नाव द्या. गरज लागली तर त्यांची चित्रं इंजिनमध्ये बसवण्यापुरतं मी कापून-शिवून देईन.

आमच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे पत्र लबाडीचं होईल. आमचे पोर्टफोलिओ उघडा: गणपती, महाराज, सिनेमातली नटी, पुन्हा गणपती. एकेक चित्र देखणं. पण एक टाइलसेट नाही, एक पूर्ण चालण्याची क्रिया नाही, एक बटण नाही. हे पाहून तुम्ही कसं ठरवणार? आम्ही ‘दोन दिवसांत देतो’ म्हणतो आणि लग्नसराईत गायब होतो. नाही म्हणायची आम्हाला लाज वाटते, म्हणून हो म्हणून फोन उचलत नाही. आणि तांत्रिक गोष्टी शिकायचा आळस. माझ्या पहिल्या गेमसाठी मी एका बेडकाची साठ चित्रं काढली, प्रत्येक चित्रात बेडूक दोन-चार पिक्सेल इकडेतिकडे. मला वाटलं चालतं एवढं. गेममध्ये तो बेडूक हिवताप झाल्यासारखा थरथरत होता. त्या बिचाऱ्या प्रोग्रामरने दोन रात्री जागून साठही चित्रांचे पाय एका रेषेत आणले आणि मला एका शब्दाने बोलला नाही. बोलायला हवं होतं.

मग आपण भेटायचं कुठे? माझा अनुभव असा की मोठ्या कामावर पहिली भेट करू नये. जानेवारीच्या शेवटी ग्लोबल गेम जॅम असतो, बऱ्याच ठिकाणी 48 तासांत गेम करायचा. तिथे सोबतीला चित्रकार घेऊन बसा. दोन दिवसांत माणूस कळतो: फाइलला नाव काय देतो, झोप न झाल्यावर कसा बोलतो, सांगितलेली गोष्ट वहीत लिहितो की ‘लक्षात आहे’ म्हणतो. दुसरं, पुण्याचं अभिनव, मुंबईचं जे. जे., आमच्याकडचं कोल्हापूरचं कलानिकेतन, या कलामहाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं बघायला या. मी दरवर्षी एखाद्या तरी प्रदर्शनाला जाते. जाहिरातवाले येतात, पुस्तकवाले येतात, हल्ली अॅनिमेशनवालेही दिसतात. गेम बनवणारा माणूस मी तिथे एकदाही पाहिला नाही. शेवटच्या वर्षाच्या पोरांना तुम्ही आहात हेच माहीत नाही. ती पोरं लग्नाच्या पत्रिकांचे गणपती काढायला लागतात, आणि तुम्ही इकडे ‘आर्टिस्ट मिळत नाही’ म्हणून पोस्ट टाकता.

मंगळवारच्या त्या मुलाला मी हेच थोडक्यात लिहिलं होतं, यापेक्षा जरा गोड भाषेत. चार दिवस काही उत्तर नाही. म्हटलं, गेला. रविवारी सकाळी मेल आला. सोबत चाळीस सेकंदांचा व्हिडिओ: एक करडा चौकोन कौलांवरून धावतोय, मागे एक छोटा चौकोन. खाली तक्ता. बाजूने दिसणारा गेम, दिशा एकच, उलटवून चालेल, नायकाच्या हातात काही नाही. क्रिया पाच. मागचे थर तीन. बटणं सात, हीसुद्धा धरलीत. बजेट 45 हजार, तीन हप्त्यांत, त्यातले 10 हजार आधी. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘छोटा चौकोन म्हणजे मांजर. तिला पळायला किती चित्रं लागतील ते माहीत नाही, तुम्ही सांगा.’

सहा पुरतील, असं कळवलंय. शेपटीची वेगळी.



आपली,
एक फ्रीलान्स चित्रकार

ता. क.: दोन वर्षांपूर्वी माझ्या बिलातून ज्यांनी 10 टक्के टीडीएस कापला, पण तो सरकारकडे भरल्याचं माझ्या 26एएसमध्ये अजून दिसत नाही, त्यांनीही हे पत्र वाचलं असेल अशी आशा आहे. फॉर्म 16ए ची वाट बघते आहे.